निलोफर ठेवायचंय, सासूबाई म्हणतात हे आपल्यातलं नाव नाही

पत्र : "कुमुदताई नमस्कार. आम्ही मनीषनगरला राहतो, मला अठरा दिवसांपूर्वी मुलगी झाली. लग्नाआधी मी आणि हे दोघंही हैदराबादला जॉबला होतो, आमची ओळखच तिथल्या कॅफे निलोफरमध्ये चहा पिता पिता झाली, तेव्हापासून गमतीत ठरलेलं की मुलगी झाली तर निलोफर. आता पत्रिकेत अनुराधा नक्षत्र आणि अक्षरही 'नी' निघालं, मी म्हटलं देवानेच सोय केली. पण सासूबाई ऐकून एकदम गप्प झाल्या आणि रात्री यांना म्हणाल्या की हे मुसलमानी नाव आहे, आपल्यातलं नाही, आजेसासरे गुलाबराव असते तर त्यांना काय वाटलं असतं. नणंदबाई अमरावतीहून निहारिका, निर्वी, नीरजा अशी लिस्ट पाठवून राहिल्या. मी कुठेतरी वाचलं की निलोफर मुळात संस्कृत शब्द आहे. हे खरं आहे का? खरं असेल तर सासूबाईंना तेच सांगून विषय संपवते. बारसं सव्वा महिन्याला आहे. – मनीषनगरची एक आई"

अगं पोरी, आधी मनापासून अभिनंदन, अठरा दिवसांचं लेकरू मांडीवर घेऊन एवढं पत्र टाईप केलंस म्हणजे झोपेचा काय पत्ता असणार तुझ्या.

तू वाचलंस ते खरं आहे. पण तेच सांगून सासूबाईंना गप्प करायचा तुझा जो बेत आहे ना तो मला काही पटला नाही. का ते सांगते, जरा लांबण लागेल, लेकरू झोपलं की वाच. आणि गुलाबरावांकडे मी मागून येते, त्यांना विसरली नाही मी.

नील अधिक उत्पल, नीलोत्पल. शाळेतली गुणसंधी आठव, अ पुढे उ आला की ओ. उत्पल म्हणजे पाण्यातलं ते फूल ज्याला आपण मराठीत सरसकट कमळ म्हणून मोकळे होतो. अमरकोशात 'स्यादुत्पलं कुवलयम्' अशी सुरुवात करून निळ्याला इंदीवर म्हटलंय आणि लगेच त्याच श्लोकात पांढऱ्याला कुमुद. कुमुद म्हणजे मी. म्हणजे तुझी लेक आणि मी कोशात एका श्लोकात शेजारी शेजारी बसून आहोत, त्यामुळे या बाबतीत मी काही न्यूट्रल नाही हे आधीच कबूल करून टाकते.

आणि हा शब्द काही कोशातच पडून नव्हता. रामटेकला आपण कालिदासाचं स्मारक बांधलं, सहली नेतो, पण शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात हा शब्द आहे हे किती जणांना माहीत असतं? दुष्यंत झाडाआड उभा राहून शकुंतलेला झाडांना पाणी घालताना बघतो आणि म्हणतो, असल्या नाजूक पोरीकडून तप करून घेणारा ऋषी म्हणजे नीलोत्पलाच्या पाकळीच्या धारेने शमीची फांदी तोडायला निघालेला माणूस. शमीचं लाकूड कसं टणक असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तर हे नीलोत्पल इराणकडे गेलं. इराणात तेव्हा पहलवी भाषा होती, इस्लाम यायचा होता अजून, आणि तिथे त्याचं निलोपल झालं. पारशांचा बुंदहिश्न नावाचा पहलवी ग्रंथ आहे, त्यात एकेका देवतेला एकेक फूल वाटून दिलंय, कोणाला मोगऱ्याच्या जातीचं, कोणाला तुळशीच्या जातीचं, आणि हे पाण्यातलं फूल कोणाला दिलं तर आबानला, म्हणजे पाण्याच्या देवतेला. म्हणून पारशी घरांतही निलोफर नाव असतं. आपल्या नागपुरात १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून पारशी मंडळी इथे आहेत, तेव्हा 'मुसलमानी नाव' म्हणताना त्यांना विसरायचं काही कारण नाही.

मग प चा फ झाला. अरबीत प हा उच्चारच नाही, म्हणून पारसचं फारस झालं, हत्तीला फारसीत पील म्हणायचे त्याचं फील झालं, तसंच हे. शेवटचा ल घसरून र झाला आणि निलोफर तयार. यात मला सगळ्यात आवडलेली गंमत सांगू का, आजच्या इराणी बायका निलूफर म्हणतात, ऊ लावून. आपल्याकडे हिंदुस्थानात फारसीचा जुना उच्चार टिकला त्यामुळे आपण निलोफर म्हणतो, ओ लावून, आणि तो ओ म्हणजेच ती नील अधिक उत्पलमधली संधी! बाई गेली इराणला, सगळे दागिने बदलून आली पण तो एक ओ जपून ठेवला तिनं.

पुढे तर हे नाव काय फिरलं बाप्पा. ताजिकिस्तान, उझबेकिस्तानात निलुफर म्हणजे आपल्याकडे जशी स्नेहल किंवा पूजा असते तितकं कॉमन. तुर्कस्तानात निल्युफेर. ऑटोमन घराण्याचा दुसरा सुलतान ओरहान, त्याच्या बायकोचं नाव निल्युफेर खातून, परंपरा सांगते की ती जन्माने ग्रीक होती, आणि तिच्या मुलाने, पहिल्या मुरादने, आईच्या नावाने इझनिक गावात १३८८ साली गोरगरिबांसाठी जेवणघर बांधलं, ती इमारत अजून उभी आहे, त्यात म्युझियम आहे. बुरसा शहराचा एक अख्खा भागच निल्युफेर नावाचा आहे. अरबीतून हाच शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला, तिथून फ्रेंचमध्ये नेन्युफार झाला, पण तिथे तो फक्त फुलाचं नाव म्हणून राहिला, पोरींना नाही ठेवत. आणि फ्रेंच लोकांनी याच्या स्पेलिंगवरून भांडणं केलीत! आधी ते 'एफ'ने लिहायचे, त्यांच्या भाषेचे नियम ठरवणाऱ्या अकादमीच्या १९३५ च्या डिक्शनरीत 'पीएच' आलं कारण कोणाला तरी वाटलं हा शब्द ग्रीक आहे, मग १९९० च्या सुधारणेत म्हटलं की बाबांनो हा फारसी-अरबीकडून आलाय, 'एफ' चालेल, तर त्यावर पुन्हा आरडाओरडा. म्हणजे 'हा शब्द आपला की त्यांचा' हे भांडण फक्त मनीषनगरलाच होऊन राहिलं असं समजू नको. पिवळ्या वॉटर लिलीच्या एका गटाचं शास्त्रीय नावही नुफार आहे, तेही यातूनच.

आता तुमच्या चहाच्या कपापर्यंत हे नाव कसं आलं ते. १९१६ साली इस्तंबूलला ऑटोमन घराण्यात एक मुलगी जन्मली, निलोफर. खिलाफत गेली, घराणं देशाबाहेर काढलं, ही मंडळी फ्रान्सला आली, आणि १९३१ साली नीस शहरात तिचं लग्न झालं हैदराबादच्या निजामाच्या दुसऱ्या मुलाशी, मोअज्जम जाहशी. तिला स्वतःला मूल झालं नाही. तिची एक दासी होती, रफत, ती बाळंतपणात गेली, आणि त्या दुःखातून हैदराबादला बायका-मुलांसाठी दवाखाना उभा राहिला, तेच निलोफर हॉस्पिटल. तुमचं ते कॅफे त्या हॉस्पिटलच्या शेजारचं, म्हणून कॅफे निलोफर. म्हणजे बघ, इथून गेलेला शब्द इराण, तुर्कस्तान, फ्रान्स करून लग्नाच्या वऱ्हाडासोबत दख्खनमध्ये परत आला, आधी बाळंतिणींच्या दवाखान्यावर लागला आणि मग बिस्किटाच्या प्लेटीसोबत तुम्हा दोघांच्या टेबलावर. मला विचारशील तर सासूबाईंना सांगायची गोष्ट ही आहे, संधी-विग्रह नाही.

कारण तो संधी-विग्रह मी एकदा करून बसली आहे.

मी नोकरीत होते तेव्हा अकाउंट्सला एक निलोफर होती, माझ्याच वयाची, डब्यात वांग्याचं भरीत असलं की अर्धं मला काढून द्यायची. मला हे नीलोत्पल प्रकरण नवीन नवीन कळलं होतं, मी मोठ्या उत्साहात तिच्या टेबलाशी गेली आणि सांगितलं की अगं तुझं नाव तर मुळात आमचं आहे, संस्कृत आहे. मला वाटलं खूश होईल. तिनं चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाली, "अच्छा, मतलब इतने साल से मैं आपका नाम बिना पूछे पहन के घूम रही थी क्या?" हसत म्हणाली, पण मी जे समजायचं ते समजली. तिच्या आजीचं नाव निलोफर, आजीच्या मावशीचं निलोफर. संस्कृत शब्द आपण कोशात ठेवला होता, पोरींना पिढ्यानपिढ्या ते नाव ठेवलं, हाका मारून मारून जिवंत ठेवलं ते त्यांनी. आपल्यात कोणी नीलोत्पला ठेवलेली मी तरी पाहिली नाही.

म्हणून म्हणते, सासूबाई चूक बोलल्या नाहीत. आज नागपुरात निलोफर ऐकल्यावर दहातल्या नऊ जणांच्या डोळ्यासमोर मुसलमान मुलगी येणार, आणि त्यात वाईट काय आहे हा खरा प्रश्न आहे, तो तुम्ही टाळून राहिले. 'मुळात संस्कृत आहे हो' असं म्हटलं की सासूबाई कदाचित मानतीलही, पण त्याचा अर्थ होतो की मुसलमानी असतं तर नसतं ठेवलं. हे वाक्य तू आज सासूबाईंना सांगशील, उद्या शाळेत बाईंना सांगशील, आणि दहा वर्षांनी तुझी लेक ते स्वतः पाठ म्हणेल, तेही कोणी विचारायच्या आधीच. उद्या ती पुण्याला रूम शोधेल, फोनवर नाव सांगितल्यावर समोरचा म्हणेल रूम गेली. तेव्हा ती काय म्हणणार, की नाही नाही, मी त्यांच्यातली नाही? का गप फोन ठेवणार आणि दुसरी रूम बघणार? हे दोघांनी बसून आधी बोला. उत्तर काहीही येऊ दे, पण बारशाच्या आधी येऊ दे. असं फुकटचं ओझं लेकरावर नको वाटलं तर दुसरं नाव ठेवा, त्यात भित्रेपणा बित्रेपणा काही नाही, नाव तिला वागवायचंय, आपल्याला नाही.

आता गुलाबराव.

मला तुझं पत्र वाचताना तिथेच हसू फुटलं, खरं सांगते. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, गुलाब हा शब्द नखशिखांत फारसी! तुझ्या आजेसासऱ्यांचं नाव फारसी फुलावरून, आणि पणतीचं निलोफर ऐकून त्यांना काय वाटलं असतं म्हणते ही बाई. आपल्या विदर्भात गुलाबराव महाराज होऊन गेले, अमरावती जिल्ह्यातले, प्रज्ञाचक्षू, १८८१ चा जन्म, स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवायचे, त्यांचं नाव कोणत्या भाषेतलं हे कोणी कधी विचारलं का? दौलतराव, हिंमतराव, साहेबराव, हे तिन्ही शब्द अरबीतून आलेत आणि तिन्ही नावांचे काका-मामा आपल्या प्रत्येकाच्या घरात निघतात. मागे नुसतं राव लावलं की सगळं आपलं झालं. पोरींच्या नावाला राव लावता येत नाही हाच काय तो घोळ.

पण हे सासूबाईंना तोंडावर सांगू नको हं. तुला सांगते, बाळंतघरात वाद जिंकलेली सून मग दहा वर्षं त्याचे हप्ते भरते. त्या ओरडल्या नाहीत, गप्प झाल्या, आणि रात्री लेकाशी बोलल्या. म्हणजे त्यांना भांडायचं नाही, भीती वाटून राहिली आहे, नातेवाईक काय म्हणतील, भिशीतल्या बायका काय म्हणतील. आणि मला अजून एक दिसतंय, पत्रात तुझे 'हे' कुठे आहेत? रात्री ऐकून घेतलं आणि सकाळी तुला येऊन सांगितलं, एवढाच त्यांचा रोल? चहा दोघांनी मिळून पिला ना? आईशी त्यांनी बोलायचं. तू मधे पडू नको, पडलीस तर सुनेचा हट्ट म्हणून गावभर होईल. त्यांनी आईजवळ बसून दवाखान्याची गोष्ट सांगावी, त्या रफतची, बाळंतपणात गेलेल्या बाईची. आमच्या पिढीच्या बाईला ती गोष्ट कळते, आमच्या प्रत्येकीच्या माहेरी एखादी अशी गेलेली असते. आणि जाताजाता विचारावं की आई, माझं नाव तू ठेवलं होतं की आत्याने? बहुतेक उत्तर येईल की मला कोणी विचारलंच नव्हतं. मग जे काही बोलणं निघेल ते निघू द्यावं, मधे फोन बघू नये. आणि जर त्यांनाच हे बोलायचा धीर होत नसेल ना, तर नाव ठेवूच नका, कारण आईसमोर जो बोलत नाही तो शाळेत जाऊन काय बोलणार.

नणंदबाईंची लिस्ट मात्र फेकू नको. निहारिका-निर्वीचं माहीत नाही, पण त्यांनी नीरजा पाठवलंय आणि नीर म्हणजे पाणी, नीरजा म्हणजे पाण्यात जन्मलेली, म्हणजे परत कमळच! त्यांना माहीत नसेल पण त्या तुझ्याच फुलाभोवती फिरून राहिल्या. पाळण्यात आत्याचा मान असतो, तर राशीचं नाव म्हणून कानात नीरजा सांगू दे, कागदावर निलोफर. 'नी' दोन्हीकडे आहे, भटजींचं काम झालं.

कागदाचं म्हणशील तर घाई करू नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती दवाखान्याकडून महापालिकेत जातेच, पण गेली की नाही तेवढं एकदा विचारून घे. त्यात नावाची जागा रिकामी राहिली तरी चालते. नाव नंतर १२ महिन्यांच्या आत टाकलं तर फी नाही, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत टाकता येतं. पण एकदा टाकलं की स्पेलिंग दगडावरची रेघ समज, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखलाच शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे लागतो. इंग्रजीत याची चार-पाच स्पेलिंग फिरतात, हैदराबादवाल्यांच्या स्पेलिंगमध्ये मधे 'ओयू' आहे, फ्रेंच वळणाचं, दिसायला ऐटदार पण इथला प्रत्येक क्लार्क ते चुकवणार. साधं 'ओ' घ्या. माझं ऐक, मी भोगलंय, दहावीच्या मार्कशीटवर कोणीतरी कुमुदचं कुसुम केलं आणि ते कुसुम मला रिटायरमेंटपर्यंत चिकटून होतं, दोन अ‍ॅफिडेव्हिट, एक गॅझेट, आणि तरीही बँकेतला पोरगा विचारतो की मॅडम ही कुसुम कोण, तुमची बहीण का?

उच्चाराचंही आधीच घरात सांगून ठेव. फळातला फ नाही, वरचे दात खालच्या ओठाला टेकवून फ. नणंदबाईंना दोन दिवस प्रॅक्टिस लागेल. नाहीतर सगळे नीलू म्हणून मोकळे होतील, तेही गोडच आहे म्हणा.

आणि अ‍ॅपवर जे निलोफर म्हणजे लोटस लिहिलेलं असतं ते अर्धवट आहे. निळं खरं कमळ नसतंच. कमळाचं पान पाण्याच्या वर देठावर उभं राहतं, थेंब टाकला की पाऱ्यासारखा पळतो. निलोफर म्हणजे वॉटर लिली, तिचं पान पाण्यावर चपटं पडून असतं आणि एका बाजूला देठापर्यंत चीर असते, पापडाचा तुकडा काढल्यासारखी. माझ्या गच्चीवर आहे ना, प्लास्टिकच्या टबात, खाली काळी माती, वर पाणी, डासांसाठी चार गप्पी मासे. मे महिन्यात ४५ डिग्रीला पाणी नुसतं उडतं, मी कूलर भरायला पाईप लावते तेव्हाच त्यातही सोडते. सकाळी पोहे करून वर जाते तोवर उमललेलं असतं, दुपार कलली की मिटतं, असं तीन-चार दिवस, मग मान खाली घालून पाण्यात जातं. जांभळट निळा रंग असतो, फोटोत तो कधीच येत नाही, म्हणून सासूबाईंना फोटो दाखवू नको.

मला सेपरेट मेल कर, पावसाळ्याच्या तोंडाशी एक कंद काढून ठेवते. घ्यायला यांना पाठव, येताना झाकणाची बादली आणायला सांग, पिशवीत नेला तर घरी पोचेपर्यंत सुकतो.